रुमाल, तसबीर आणि मोजे

मागच्या खेपेला एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेलो होतो की पुरुषाचा मत्सर आपल्याकडे मत्सर या नावाने सहसा रंगमंचावर येतच नाही. एवढं एकच वाक्य, पण त्यावर बरीच पत्रं आली. काही रागावलेली, काही खट्याळ, आणि एक तर थेट नोटिशीच्या भाषेत, "खुलासा करावा" असं बजावणारं. त्यांतली सहा इथे घेतो. मी आयुष्यभर साहित्य शिकवलं, आणि त्याआधी कॉलेजच्या नाटकांत विंगेत उभा राहून प्रॉम्प्टिंग केलं. समीक्षक म्हणून माझी ख्याती नाही, तेव्हा उत्तरंही त्याच बेताची आहेत.

प्रश्न : तुमचं वाक्य पटलं नाही. मग शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो' काय आहे? मत्सराचं नाटक म्हणूनच तर ते सगळीकडे शिकवतात. माझी खरी अडचण मात्र वेगळी आहे. आम्ही मायलेकी मिळून 'ऑथेल्लो' पाहिलं. मी हादरले होते आणि शेजारी बसलेली माझी एकोणीस वर्षांची मुलगी हळूच म्हणाली, "पण किती प्रेम होतं ना त्याचं तिच्यावर!" हे असं का होतं? (एक वाचिका)

उत्तर : तुमच्या मुलीचं वाक्य मी वर्गात दरवर्षी ऐकलंय. "एवढं प्रेम नसतं तर एवढा जळला असता का?" ही त्याची पुढची ओळ, तीही ठरलेली.

आधी शब्दाचं बोलू. मराठीत 'सवतीमत्सर' हा शब्द आहे. कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. आता याला पुरुषाच्या बाजूचा जोड शोधा. मी शोधला, मला सापडला नाही. पुरुष 'संशयी' असतो, 'शंकेखोर' असतो, 'तापट', 'मानी' असतो, फार झालं तर 'हळवा' असतो. त्यात मत्सर कुणाचा तरी करायचा असतो आणि संशय कुणावर तरी घ्यायचा असतो. 'तो बायकोवर संशय घेतो' या वाक्यात त्याच्या आत काय जळतंय याचा पत्ताच नाही, सगळं वजन त्या 'वर'च्या खाली उभ्या असलेल्या बाईवर. आणि संशय म्हटला की ऐकणारा लगेच विचारतो, "मग खरं काय होतं?" चौकशी तिची सुरू झाली. मत्सर म्हटलं असतं तर ती त्याची झाली असती.

(जाता जाता : षड्रिपूंतला शेवटचा, मत्सर, पुल्लिंगी आहे. आणि जिच्यात असूया नाही ती अनसूया, म्हणजे बाई. व्याकरणाला काही गोष्टी आपल्याआधी कळलेल्या असतात.)

हे आजचं नाही. नाट्यशास्त्राने नायिकेच्या आठ अवस्था सांगितल्या, त्यांतली 'खंडिता' म्हणजे रात्र दुसरीकडे काढून आलेल्या नायकाला पाहून संतापलेली. शास्त्रकारांनी नायकांचेही प्रकार पाडले : अनुकूल, दक्षिण, शठ आणि धृष्ट. चारही प्रकार तो बायकांशी कसा वागतो यावरून पाडलेले. तिच्यापायी जळणाऱ्या नायकासाठी खाना केलेलाच नाही. पुराणातली रेणुका आठवा. चित्ररथाची जलक्रीडा पाहून तिचं मन क्षणभर ढळतं आणि जमदग्नी पोरांना आईचा शिरच्छेद करायला सांगतो. कथेकरी त्याला ऋषींचा कोप म्हणतात. १९७३ साली पडद्यावर एक गायक नवरा बायकोचं गाणं आपल्यापेक्षा जास्त गाजतंय म्हणून आतून कुरतडला जातो, तर सिनेमाचं नाव 'अभिमान'. कोप म्हणा, अभिमान म्हणा, संशय म्हणा. प्रत्येक शब्द थोडाफार इज्जतदार. फक्त मत्सर तेवढा नको.

आता 'ऑथेल्लो'. इयागो हा हाताखालचा माणूस सेनापती ऑथेल्लोचे कान भरतो की तुझ्या बायकोचं, डेस्डिमोनाचं, कॅसिओ या अधिकाऱ्याशी काही आहे, तिचा हरवलेला रुमाल पुरावा म्हणून पुढे करतो, आणि ऑथेल्लो तिला मारतो. तिथे शब्द आहे, हे मान्य. पण तो बोलतं कोण? मत्सर हा हिरव्या डोळ्यांचा राक्षस आहे, जपा, असं ऑथेल्लोला बजावतो तो इयागो. काडी लावणाराच पाण्याची बादली दाखवतो. खरं निदान करते एमिलिया, इयागोची बायको. तिच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की अशी माणसं कारण मिळालं म्हणून मत्सरी होत नाहीत, मत्सरी असतात म्हणून मत्सरी असतात. नाटकातलं हे सगळ्यात शहाणं वाक्य, पण ते तिच्या तोंडी असल्यामुळे कुणी भिंतीवर लावत नाही. भिंतीवर लागतं ते ऑथेल्लोचं शेवटचं भाषण. मरण्यापूर्वी तो सांगतो, माझ्याबद्दल लिहाल तेव्हा असं लिहा की याने शहाणपणाने नाही पण अतोनात प्रेम केलं, हा सहजासहजी मत्सराला बळी पडणारा नव्हता. पलंगावर बायकोचं प्रेत आहे आणि हा स्वतःचा मृत्युलेख स्वतःच सांगतोय! चारशे वर्षं आपण तोच वाचत आलो. तुमच्या मुलीनेही तोच वाचला, तिचा दोष नाही.

तिला चौथ्या अंकातला एक प्रसंग परत दाखवा. व्हेनिसहून पत्र घेऊन पाहुणे आलेत, सगळे उभे आहेत, आणि त्या सगळ्यांदेखत ऑथेल्लो डेस्डिमोनाला मारतो. ती एवढंच म्हणते की मी असं काही केलं नव्हतं. पाहुणा गोंधळतो, त्याला वाटतं, व्हेनिसमध्ये जाऊन सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. तिथे थांबवा आणि मुलीला विचारा, हा माणूस आत्ता या क्षणी काय करतोय. काय करतोय एवढंच विचारा, कशामुळे ते नको.

प्रश्न : देवलांनी 'झुंझारराव'ही लिहिलं आणि 'संशयकल्लोळ'ही. एक वाचून अंगावर काटा येतो, दुसऱ्याला आपण पोट धरून हसतो. संशय तर दोन्हीकडे सारखाच. मग फरक नक्की कुठे पडतो? मी नाट्यशास्त्राचा विद्यार्थी आहे, पण प्रश्न परीक्षेसाठी नाही.

उत्तर : परीक्षेसाठी नसलेला प्रश्न मला आला याचा आनंद आहे.

तारखा पाहिल्या की मजा वाढते. 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' आलं १८९० साली. तीनच वर्षांनी, १८९३ साली, 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा'. त्यालाच पदं घालून १९१६ चं 'संगीत संशयकल्लोळ' झालं. मुळात ही गोष्ट मोलिएरची, १६६० सालची. वाटेत ती आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकात मुक्काम करून आपल्याकडे आली. म्हणजे एकाच लेखकाच्या मेजावर तीन वर्षांच्या अंतराने एकदा रुमाल पडला आणि एकदा तसबीर. दोन्ही वस्तू मुठीत मावणाऱ्या आणि दोन्ही भलत्याच हाती लागलेल्या. टॉमस रायमर नावाच्या टीकाकाराने १६९३ सालीच वैतागून विचारलं होतं, एका रुमालावरून एवढं रामायण कशाला? त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता, फक्त तो त्याने शोकांतिकेला विचारला. प्रहसन नेमक्या त्याच प्रश्नावर उभं राहतं.

'संशयकल्लोळ'मध्ये आश्विनशेठवर जीव असलेल्या रेवतीला भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि ते त्याच्या बायकोच्या, कृत्तिकेच्या, नजरेला पडतं. रेवतीजवळची आश्विनशेठची तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते आणि ते फाल्गुनरावाच्या नजरेला पडतं. दोघांनाही एकेक पुरावा! इथे नवरा जेवढा संशयी तेवढीच बायको. ती त्याच्यावर उलट डाफरते, तो तिच्यावर. आवाज दोघांनाही आहे. डेस्डिमोनाला मात्र आपल्यावर नेमका कशावरून खटला चालू आहे हेच कळत नाही. निकाल लागल्यावर कळतं, आणि तेव्हा गळ्यावर हात असतो.

शिवाय 'ऑथेल्लो'त कुणी गणित करत नाही. सायप्रसला जाताना कॅसिओ एका जहाजात होता, डेस्डिमोना दुसऱ्या जहाजात आणि ऑथेल्लो तिसऱ्या. तिच्या जहाजावर सोबतीला होता तो इयागो. बेटावर उतरल्यापासून खून होईपर्यंत रंगमंचावर जेमतेम दीड दिवस जातो. ज्या लफड्यासाठी तिला मारलं ते करायला दोघांना वेळच नव्हता. अभ्यासकांनी यावर दुहेरी काळाचा सिद्धांत मांडला, एक घड्याळाचा काळ आणि एक मनाचा. मला त्यात शेक्सपिअरची चूक दिसत नाही. मत्सरी माणसाच्या डोक्यात कालगणना अशीच चालते. घड्याळात एक दिवस झालेला असतो, त्याच्या मनात शंभर रात्री झालेल्या असतात.

आणि सगळ्यात बोचणारं म्हणजे, ऑथेल्लो कॅसिओला सरळ विचारतो, माझ्या बायकोचा तो रुमाल तुझ्याकडे कसा आला? कॅसिओही सरळ सांगतो की माझ्या खोलीत पडलेला सापडला. प्रश्न एका ओळीचा, उत्तर एका ओळीचं. पण हा प्रश्न येतो पाचव्या अंकात, खून झाल्यावर. 'संशयकल्लोळ'मध्ये मंडळी एकमेकांच्या घरांत घुसतात, पडद्यामागे लपतात, आरडाओरडा करतात, पण आज ना उद्या समोरासमोर येतात आणि तसबीर कुणाची याचा उलगडा होतो. फरक विचारलात ना, तो माझ्या मते इथे आहे. तोच प्रश्न कोणत्या अंकात विचारला, त्यावर नाटकाची जात ठरते.

विंगेतली एक आठवण सांगतो. आमच्या प्रयोगाला ऐनवेळी तसबीर सापडेना. कृत्तिकेची एंट्री तोंडावर आलेली. मी माझ्या ओळखपत्रावरचा फोटो टरकावून तिच्या हातात कोंबला. फाल्गुनराव झालेल्या मित्राने रंगमंचावर तो पाहिला आणि त्याला हसू आवरेना. हसू दाबताना त्याचा चेहरा असा काही पिळवटला की पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी मध्यंतरात येऊन त्याला सांगितलं, "तुम्ही फार खरं केलंत हो, बघवत नव्हतं." दाबलेलं हसू आणि दाबलेला मत्सर चेहऱ्यावर सारखेच दिसतात, हे मी तेव्हा विंगेत उभा राहून शिकलो.

प्रश्न : सखाराम बाइंडर कुणाचा नवरा नाही, त्याला लग्नच मान्य नाही. मग शेवटी तो चंपाला का मारतो?

उत्तर : तेंडुलकरांनी १९७२ साली हाच चिमटा काढला. सखाराम नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणतो आणि पहिल्याच दिवशी नियम वाचून दाखवतो : पटलं तर राहा, नाहीतर वाट मोकळी. बाकीच्या नवऱ्यांसारखा मी ढोंगी नाही, याचा त्याला कोण अभिमान! आणि आधीच्या बाईने, लक्ष्मीने, त्याचा मित्र दाऊद याचं नाव चंपाशी जोडून कानावर घातल्याबरोबर हाच माणूस चंपाचा गळा आवळतो. लग्नाचा कागद त्याने फाडला होता, पण मालकीची पावती खिशात तशीच होती. ज्याच्यावर कसला करार नाही, ज्याने वाट मोकळी ठेवली म्हणून छाती ठोकली, त्याचीही ही गत. लग्न, घराणं, समाज काय म्हणेल, ही नेहमीची सगळी कारणं तेंडुलकरांनी आधीच काढून घेतली आणि मग उरलं काय ते दाखवलं.

प्रेतापाशी गळून गेलेल्या सखारामाला सावरून खड्ड्याचं बघते ती लक्ष्मी. त्या दृश्यावर मी वर्गात कधी बोलू शकलो नाही, आजही सोडून देतो.

प्रश्न : मोझार्ट या संगीतकारावर जळणारा दुसरा संगीतकार सालिएरी या यादीत का नाही? त्याच्याइतका मत्सरी पुरुष दुसरा कोण?

उत्तर : कारण तो हेवा आहे. हेव्याला दोन माणसं पुरतात : त्याच्याकडे आहे, माझ्याकडे नाही. आपण बोलतोय त्याला तीन लागतात : माझ्याकडे आहे, ते तिसरा नेईल. बाकी पुश्किनने १८३० साली नाटकात सालिएरीच्या हातून मोझार्टला विष देववलं, पीटर शॅफरने १९७९ च्या नाटकात त्याला देवाशी भांडायला लावलं आणि १९८४ च्या सिनेमाने तो घरोघरी पोहोचला. खऱ्या सालिएरीने मात्र मोझार्टच्या धाकट्या मुलाला संगीत शिकवलं होतं. बिचाऱ्यावर अन्यायच झाला.

दोन्हीची खिचडी पाहायची असेल तर परत इयागोकडे जा. कॅसिओला बढती मिळाली याचा हेवा, आणि ऑथेल्लोचं आपल्या बायकोशी काही होतं की काय याचा संशय. हे दुसरं आपण विसरतो. त्या नाटकात मत्सरी नवरे दोन आहेत आणि शेवटच्या अंकात दोघांनीही आपापल्या बायकोला मारलेलं आहे. एमिलियाचा मुडदा मोजायचा राहून जातो, एवढंच.

प्रश्न : हे सगळं पुरुषांनी लिहिलेलं, पुरुषाच्या डोक्यातून दिसणारं. जिच्यावर संशय घेतला तिच्या बाजूने कुणी लिहिलंय का? (एक वाचिका)

उत्तर : लिहिलंय, आणि त्यातली एक हकिकत अशी आहे की कादंबरीकाराला सुचली असती तर संपादकाने अतिशयोक्ती म्हणून कापली असती.

टॉल्स्टॉयची 'क्रॉयत्झर सोनाटा' १८८९ ची. पोझ्दनिशेव्ह नावाचा माणूस रेल्वेच्या डब्यात अनोळखी सहप्रवाशाला रात्रभर सांगत बसतो की मी माझ्या बायकोला कसं मारलं. बायको पियानो वाजवते, एक व्हायोलिनवादक घरी येतो, दोघं मिळून बेथोव्हेन वाजवतात. तेवढ्यावरून याच्या डोक्यात सगळं पेटतं. तो रात्री अचानक घरी परततो, पावलांचा आवाज होऊ नये म्हणून बूट काढतो आणि नुसत्या मोज्यांनिशी दारापर्यंत जातो. बायकोवर वार होण्याआधीच व्हायोलिनवाला निसटतो. पोझ्दनिशेव्हला त्याच्यामागे धावायचं असतं, पण तेवढ्यात लक्षात येतं, आपल्या पायांत फक्त मोजे आहेत. बायकोच्या यारामागे मोज्यांवर धावणारा नवरा हास्यास्पद दिसेल. त्याला भयंकर दिसायचं होतं, हास्यास्पद नाही. म्हणून तो धावत नाही.

मत्सराबद्दल जे काही मी वाचलंय त्यात हे मोजे सगळ्यांत वर. त्या क्षणीही, खुनाच्या तोंडावर उभा असताना, या माणसाला आरशात आपण कसे दिसतो याची काळजी आहे. त्याच्यात आणि फाल्गुनरावात केवढं अंतर होतं? एका बुटांच्या जोडाएवढं. आणि ते त्यालाही माहीत होतं.

आता तुमचं उत्तर. ही गोष्ट म्हणजे टॉल्स्टॉयच्या घरचीच, असा लोकांचा समज झाला आणि त्याची झळ बसली त्याच्या बायकोला, सोफियाला. तिला ही कादंबरी सोसवली नव्हती. तरीही सेन्सॉरने अडवली तेव्हा १८९१ साली झार तिसऱ्या अलेक्झांडरला जाऊन भेटली कोण? तीच. समग्र ग्रंथावलीत छापायची परवानगी तिने मिळवली. आणि मग घरी बसून तिने उत्तरादाखल स्वतःची कादंबरी लिहिली, 'दोष कुणाचा?'. तिच्यातही नवरा संशयाने पेटतो आणि बायको मरते, मात्र आपण सगळा वेळ बायकोच्या डोक्यात असतो. तिची बाहेरच्या एका माणसाशी मैत्री आहे ती बोलण्यापुरती, कारण घरात बोलायला कुणी नाही. नवरा पेपरवेट फेकून मारतो. सुरा नाही, संगीत नाही, वादळ नाही. हाताशी होतं ते फेकलं. ही कादंबरी छापून आली १९९४ साली, म्हणजे शंभरेक वर्षं कपाटात.

दुसरं उदाहरण उलट्या जातीचं. ब्राझीलच्या माशादो द असिसची 'दों कास्मुर्रो', १८९९. म्हातारा वकील सांगतोय की माझ्या बायकोचं, कापितूचं, माझ्या जिवलग मित्राशी होतं. पुरावा काय? मित्राच्या अंत्यविधीला ती प्रेताकडे ज्या नजरेने बघत होती ती नजर, आणि मुलाचा चेहरामोहरा. एकदा हा गृहस्थ थिएटरात 'ऑथेल्लो' पाहायला जातो. डेस्डिमोना निर्दोष असूनही तिला मरावं लागलं हे पाहतो आणि निष्कर्ष काढतो : ती निर्दोष होती तर ही गत, मग माझी तर दोषीच आहे! अहो, सगळं नाटक पाहून माणूस इयागोचा चेला होऊन बाहेर पडतो. साठ वर्षं बहुतेक टीकाकारांनी या वकिलावर विश्वास ठेवला. १९६० साली हेलन कॉल्डवेल या अमेरिकन बाईंनी आख्खं पुस्तक लिहून म्हटलं की हा साक्षीदारही स्वतः, फिर्यादीही स्वतः आणि न्यायाधीशही स्वतः, याचं ऐकायचं कशाला? तेव्हापासून ब्राझीलमध्ये वाद चालू आहे. माशादोने बायकोच्या बाजूने एक ओळही लिहिली नाही. नवऱ्यालाच इतकं बोलू दिलं की ऐकणाऱ्याने कधीतरी मान वर करून विचारावं, "पण ती काय म्हणाली?"

प्रश्न : मी स्वतः संशयी आहे. लग्नाला सहा वर्षं झालीत. बायको झोपली की तिचा फोन पाहतो, काही सापडत नाही, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहतो. तिला हे माहीत नाही. मला बरं करील असा एखादा सिनेमा किंवा पुस्तक सुचवा. नाव छापू नये.

उत्तर : बरं करील असं पुस्तक नसतं. तसं असतं तर साहित्य शिकवणारे सगळे साधुसंत झाले असते. आधी साधं बोलतो : फोन पाहणं आज रात्रीपासून थांबवा, आणि पाहत होतो हे तिला सांगा. ते जमत नसेल, हात उचलला जात असेल, किंवा जाईल अशी भीती वाटत असेल, तर समुपदेशकाकडे जा, माझ्याकडे नको. उशीरही नको.

आता सिनेमा. लुइस बुन्युएलचा १९५३ चा 'एल' पाहा. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ नुसता 'तो'. नायक प्रतिष्ठित, देवभक्त, लोकांत आदर असलेला. मधुचंद्राला गेलेला असताना त्याला वाटतं की शेजारच्या खोलीतला माणूस कुलुपाच्या भोकातून आत बघतोय, आणि तो भोकातून लांब सुई आरपार खुपसतो. पलीकडे डोळा नसतोच. बुन्युएलने आत्मचरित्रात लिहिलंय की झाक लाकां हा मनोविश्लेषक हा सिनेमा आपल्या विद्यार्थ्यांना दाखवायचा. तुमचं रात्री फोन उघडणं ही तीच सुई आहे. पलीकडे काही सापडलं नाही म्हणून ती थांबत नाही, उलट आणखी लांब सुई शोधते.

'रेजिंग बुल' (१९८०) पाहणार असाल तर मारामारीचं सोडा, टीव्हीचा प्रसंग बघा. जेक लामोटा हा मुष्टियोद्धा बिघडलेल्या टीव्हीशी झटापट करतोय आणि ते करता करताच सख्ख्या भावाला विचारतो, तुझं माझ्या बायकोशी काही आहे का? चित्र काही नीट येत नाही. त्याच्या डोक्यातलं चित्र मात्र लख्ख.

आणि वाचायचंच असेल तर प्रूस्तच्या कादंबरीच्या १९१३ साली आलेल्या पहिल्या खंडातला स्वान. रात्री तो आपल्या प्रेयसीच्या, ओदेतच्या, घराशी परत येतो, एका खिडकीत उजेड दिसतो, आत कुणीतरी कुजबुजतंय. आता मुद्देमालासह पकडू म्हणून तो खिडकी ठोठावतो. खिडकी उघडते, तर आत दोन म्हातारे गृहस्थ दिवा घेऊन उभे. स्वानने शेजारच्या घराची खिडकी ठोठावली होती! या प्रसंगात प्रूस्त एक अवघड गोष्ट सांगून जातो. खिडकीबाहेर उभ्या स्वानला दुःखाबरोबर एक सुखही होत होतं, सत्य शोधणाऱ्या संशोधकाला होतं तसलं. तुम्ही स्वतःला विचारा, फोन उघडताना बोटांना जी झिणझिणी येते ती नुसत्या भीतीची आहे का?

ही झिणझिणी मला ठाऊक आहे, म्हणून विचारतो. लग्नाला काही वर्षं झाली होती. बायकोने तिच्या एका सहकाऱ्याकडून कादंबरी वाचायला आणली. मी सहज चाळली तर समासात पेन्सिलीच्या खुणा. एक खूण सरळ रेघेची, दुसरी बारीक टिकेची. म्हणजे वाचणारे दोघं. एकटेपणावरच्या एका परिच्छेदापाशी रेघ होती आणि पुढे लिहिलं होतं, 'अगदी'. त्याखाली टिक. झालं! पुढचे आठ दिवस मी ती कादंबरी दोनदा वाचली. त्या 'अगदी'तला 'ग' बायकोच्या जुन्या पत्रांतल्या 'ग'शी ताडून पाहिला. कोणत्या पानावर रेघ दाट आहे, कुठे पेन्सिल टोक केलेली आहे, रेघेआधी टिक आली की टिकेआधी रेघ, याची एका कागदावर नोंद केली. मी पेशाने साहित्याचा मास्तर, पाठचिकित्सा मला येत होती. कोणत्याही पोथीवर मी एवढे कष्ट घेतले नाहीत.

नवव्या दिवशी ती म्हणाली, "वाचलंस का रे पुस्तक? परत द्यायचंय."

"वाचलं."

"कशी वाटली नायिका?"

मला नायिकेचं नाव आठवेना. दोनदा वाचलेल्या कादंबरीतल्या नायिकेचं नाव. मी काहीतरी गोलमोल बोललो. तिने पुस्तक उघडलं, माझा नोंदींचा कागद त्यातच राहिला होता. तो तिने वाचला, घडी घालून माझ्या हातात दिला आणि पुस्तक पिशवीत ठेवलं.

त्या खुणा कुणाच्या होत्या, हे मी तिला त्या दिवशी विचारलं नाही. नंतर विचारायचं धाडस झालं नाही. तो कागद मात्र माझ्याकडे आहे.